सुभद्रामायची मांडी

बाईंच्या सासूनं मुलगी माझ्या हातातून घेतली नाही.

"तिथंच ठेव खाली," ती म्हणाली.

मी मीनूला ओट्याखालच्या फरशीवर बसवलं. सव्वा वर्षाची पोर. पौषातली संध्याकाळ. सासूनं लोटा भरला आणि दुरूनच तिच्या डोक्यावर ओतला. मग दुसरा. मीनूचा श्वासच अडकला. मग ती किंचाळली आणि दोन्ही हात माझ्याकडं केले. मी पुढं झाले.

"शिवू नको! पुन्हा पाणी घालावं लागेल."

भिजलेलं झबलं सासूनं काठीनं बाजूला सारलं. पोरीला धुतल्या कपड्यात गुंडाळून आत नेलं. दारात बाई उभ्या होत्या. माझ्याच शाळेतल्या, माझ्याच वर्गाच्या बाई. रोज सकाळी आमच्याकडून प्रतिज्ञा म्हणून घेणाऱ्या. त्यांनी सगळं पाहिलं. मग आत वळल्या.

मी सहावीत होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट.

बाई बदलून आमच्या गावी, आंजीला आल्या होत्या. नवरा नागपुरात नोकरीला. सासर वर्ध्याचं, कापडाच्या दुकानवाल्यांचं. गावात आपलं म्हणावं असं कोणी नाही. शाळा सुटेपर्यंत पोर ठेवायची कुठं? गावातल्या बऱ्या घरांत विचारून झालं. कोणी दोन दिवस ठेवली, कोणी चार. शेवटी बाई आमच्या मोहल्ल्यात आल्या. आम्ही महाराचे. बौद्ध होऊन वर्षं लोटली होती, पण गावाच्या तोंडी आमचं जुनंच नाव.

सुभद्रामाय माझी मोठीमाय. बापाच्या थोरल्या भावाची बायको. विधवा. पोटी मूल नाही. बैलबंडीचं चाक पायावरून गेलं तेव्हापासून तिचं निंदणाला जाणं बंद झालं होतं. बाया शेतात गेल्या की मोहल्ल्यातली सात-आठ पोट्टी तिच्या अंगणात. तान्ह्यांसाठी जुन्या लुगड्याची झोळी टांगलेली. संध्याकाळी कोणी तिच्या चुलीसाठी काड्या आणायची, कोणी ओंजळभर तूर, कोणी तिचं पाणी भरून द्यायची. ठरलेलं काहीच नव्हतं. पण ती नसती तर अर्ध्या बायांना घरी बसावं लागलं असतं.

मीनू आली तेव्हा रांगत होती. पहिलं पाऊल तिनं आमच्या अंगणात टाकलं. बाईंना ती आई म्हणायची, मोठीमायला माय. तिला मांडीवर घेऊन पेज भरवताना मोठीमाय आपला दुखरा पाय विसरायची. शाळा सुटली की मीनूला घरी पोचवायचं काम माझं.

मग सासू राहायला आली. आणि ते पाणी सुरू झालं. रोज.

मी घरी सांगितलं नाही. मोठीमाय रोज विचारायची, "पोचवली का वं नीट? रडली तर नाई?" मी म्हणायचे, "नाई." पंधरा दिवस मी खोटं बोलले. मला त्या फरशीची लाज वाटायची. लाज त्यांना वाटायला पाहिजे होती, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मीनूला ताप आला. छाती घरघरायला लागली. दुसऱ्या दिवशी सासू आमच्या कुंपणाबाहेर येऊन उभी राहिली. मागं बाई.

"काय चारलं माझ्या नातीला?" सासू ओरडली. "घाणीत लोळवता लेकराला!"

मोठीमाय लंगडत पुढं आली. "बाई, सगळ्यायले देतो तेच तिले देल्लं. भाताची पेज. एकाबी पोट्ट्याले खोकला नाई, पाहा."

"तुमच्या पोरांचं काय! त्यांना काही होत नाही."

माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं.

"थंड पान्यानं झालं तिले!" मी ओरडले. "रोज भायेर बसवून डोक्यावर पानी टाकता. आमचा इटाळ होते म्हनून. म्या डोयानं पाह्यलं."

मोठीमायनं माझ्याकडं पाहिलं. मग बाईंकडं.

"खरं हाय का, बाई?"

बाईंनी मान खाली घातली.

मोठीमायनं आपले दोन्ही हात समोर धरले आणि पाहत राहिली. पोरीला तेल लावणारे, तिचा शेंबूड पुसणारे हात. मग ती तशीच आत गेली.

मीनू बरी झाली. सासू वर्ध्याला परतली. एका सकाळी शाळा भरायच्या वेळी बाई अंगणात आल्या. मीनू कडेवर. वाळलेली. मोठीमायला पाहताच ती झेपावली. "माय!"

मोठीमायचे हात वर उठले.

मी मधे उभी राहिले. बारा वर्षांची होते. समोर माझ्या वर्गाच्या बाई.

"पहिले सांगा," मी म्हणाले. "सासूबाई पुन्हा आल्या, तर पोरीवर पानी टाकू देसान का?"

"ते माझ्या हातात नाही गं. घरी मोठी माणसं आहेत. समजून घे."

"मंग नेजा तिले परत."

बाईंचे डोळे भरले. मला दया आली नाही. त्या वळल्या. मीनू त्यांच्या खांद्यावरून हात पसरून रडत होती. रस्त्याच्या वळणापर्यंत ते रडणं ऐकू येत होतं.

मोठीमायनं मला मारलं नाही. रागावलीही नाही. खाली बसली आणि एवढंच म्हणाली, "लेकरानं काय केलतं वं?"

नकार मी दिला आणि मांडी तिची रिकामी झाली. उन्हाळ्यात बाईंची बदली झाली. मीनू आम्हाला पुन्हा दिसली नाही. तीन वर्षांनी मोठीमाय गेली.

पुढं मी शिकले, हिंगणीकडच्या एका गावात मास्तरीण झाले. माझी मुलगी शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं वाढवली, आणखी पाच पोरांसोबत, गळक्या पडवीत. ग्रामसभेत मी उठले. म्हणाले, या बाईच्या पडवीला टिनं द्या, पोरांना दूध द्या, आणि तिचं हे काम ग्रामपंचायतीच्या कामांच्या यादीत लिहा.

सरपंच हसला. "मास्तरीनबाई, पोट्टे सांभाळनं हे काय काम हाय? बुढी घरी बसूनच तर राह्यते."

माणसं हसली. काही बायाही हसल्या. सरपंचानं मला सांगितलं, "बसा खाली."

मी बसले नाही.

"तुमच्या बायका निंदणाला जातात तेव्हा तुमची लेकरं कोणाच्या मांडीवर असतात?" मी विचारलं. "तिचं नाव घ्या. इथं, सगळ्यांसमोर."

सरपंचानं पुढचा विषय पुकारला. त्या दिवशी यादीत काही लिहिलं गेलं नाही. पुढच्या सभेतही नाही. मी दर सभेला जाते. उभी राहते. माझं लेकरू ज्या हातांनी वाढलं, त्या हातांना काम नाही म्हणणाऱ्या माणसासमोर मी बसणार नाही. कोणी खाली ओढलं तरी नाही.