सिंदेवाहीच्या तलावावरचे दोन धोबी

शाळेला दिवाळीची सुट्टी लागली त्याच दुपारी मी नागपूरहून नागभीडची छोटी गाडी पकडली. आमच्या पक्षिनिरीक्षण मंडळात मी एकटीच बाई. पावसाळ्यात मी घारीला गरुड म्हटलं आणि सगळे पोट धरधरून हसले होते. म्हणून या खेपेला उत्तरेकडून येणारे पाहुणे स्वतःच्या डोळ्यांनी ओळखायचेच, असं ठरवलं होतं.

नागभीडला गाडी बदलून चांद्याकडच्या गाडीने सिंदेवाहीला उतरले, मामेबहीण शांताकडे. गाडी इतकी सावकाश चालते की धानाच्या बांध्यांतले, म्हणजे खाचरांतले, बगळे निवांत पाहून होतात.

सकाळी तलाव गाठला. (जाणार असाल तर शाल न्या, पहाटे हात काकडतात.) तलावातून निघणाऱ्या पाटाच्या दगडांवर पिवळ्या पोटाचा पक्षी शेपटी हलवत होता. पिवळा धोबी! दुपारीच मंडळाच्या चिटणीसांना कार्ड टाकून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई भेटल्या. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या, त्या तलावात शिंगाडे काढणाऱ्या. मी काय पाहते ते विचारून त्यांनी मला आधी धान कापलेल्या बांधीत चरणाऱ्या गाईंच्या पायांशी फिरणारा एक धोबी दाखवला, मग पाटावर नेलं.

"पोट दोघाईचं पिवळंच. पोट काऊन पायता, बाई? तो बसते कुठी, शेपटी किती लांब, ते पाहा."

पाटावरच्याची शेपटी चांगली लांब होती, पाठ राखाडी. पुस्तक उघडलं. तो करडा धोबी होता. पिवळा धोबी गाईंपाशी होता, आणि माझं कार्ड गेलं होतं!

शांता म्हणाली, गप्प राहा, कोणाला कळणार आहे? भात आणि झिंग्यांचा रस्सा ताटात तसाच ठेवून मी उठले. शेवटी दुसरं कार्ड लिहिलं: कालचा पक्षी मी चुकीचा ओळखला.

तिसऱ्या पहाटे सगुणाबाईंनी मला डोंग्यात, त्यांच्या लहानशा होडीत, बसवलं. धुक्यातून आधी नुसता आवाज आला, घोगरा, नाकातला. मग वीस-बावीस मोठे पक्षी पाण्यावर उतरले. मी घाई केली नाही. मान पाहिली, पोहण्याची ढब पाहिली. मग एकाने डोकं वळवलं: पांढऱ्यावर दोन काळे पट्टे. हिमालय ओलांडून आलेला पट्टकादंब! नाव सांगितलं तेव्हा सगुणाबाई म्हणाल्या, "आमी हंसच म्हणतो. दर साली येतेत. नाई आले तं करमत नाई."

नागपुरात चिटणीसांनी दोन्ही कार्डं सभेत वाचली. मला कानकोंडं झालं. पण मग त्यांनी मलाच दोन्ही धोब्यांतला फरक सांगायला उभं केलं, आणि मी सगुणाबाईंचं नाव घेऊन सांगितला.

आता पक्षी दिसला की थांबून पाहायची माझी खोड जात नाही. परवा भूगोलाचा तास चालू असताना कुंपणावर एक काळसर पक्षी बसला, तांबूस शेपटी सारखी थरथरवत. थिरथिरा! हिमालय फळ्यावर अर्धाच राहिला, आणि सगळा वर्ग माझ्यामागून खिडकीशी आला.