दोनशे पावलं

फिओरेन्झोला आकडे येत नव्हते असं नाही. चाळीस वर्षं पोस्टमन होता. खोऱ्यातल्या कुठल्याही घराचा नंबर त्याला झोपेत विचारा. पण पाय बर्फात रुतू नयेत म्हणून बांधायचे ते रुंद जाळीदार तळवे, चास्पोले, पायांना बांधून मंडळी बर्फातून डोंगर चढायला निघाली, की त्याचं गणित बिघडायचं. पुढच्याने ताजा बर्फ तुडवून वाट करायची, दोनशे पावलं झाली की बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जायचं, ही आमची रीत. फिओरेन्झो मोठ्याने मोजत एकशे नव्वदपर्यंत यायचा आणि मग पुन्हा एकशे वीस. वरच्या खोपीत मक्याचा पोलेंटा ताटात पडायचा, तेव्हा कुठे त्याचे दोनशे भरायचे. सगळ्यांना ठाऊक होतं. पण फुकटात तुडवलेली वाट मिळत असताना बोलतंय कोण?

यंदा पानगळीत त्याच्या छातीत दुखलं. डॉक्टरने चालायला हरकत नाही म्हणून सांगितलं, पण बर्फ तुडवायचा नाही. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी चर्चसमोर बाराजण जमले, आणि त्याच्या बायकोने, ओत्तीलियाने, सगळ्यांदेखत जाहीर करून टाकलं.

"हा आज शेवटी. कोणी लाड करायचे नाहीत."

"पार मोडीत काढलंस मला," फिओरेन्झो पुटपुटला.

"शेपटाकडून सगळ्यांच्या चुका दिसतात, काका," बेकरीवाला लोरिस चास्पोल्याचा पट्टा आवळत म्हणाला.

त्या दिसल्याच. लोरिस फार डावीकडे चाललाय, पावलं वाकडी पडतायत, ही काय वाट झाली? फिओरेन्झोच्या पुढे चालणारी ओत्तीलिया नुसतं "हं" म्हणत होती. खरं सांगायचं तर त्याला रडू येत होतं. जन्मात कधी तो अशा पाठी बघत चालला नव्हता.

तासाभराने रांग थांबली. फरचं भलं मोठं झाड वाटेत आडवं पडलेलं. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. खालच्या फाट्यापर्यंत परत जाऊन दुसरी चढण धरायचं ठरलं. सगळे जागच्या जागी वळले, आणि शेवटचा पहिला झाला.

"काका, झाड तुम्हीच पाडलंत की काय?" मागून लोरिस म्हणाला.

फाट्याच्या पुढे गुडघाभर कोरा बर्फ होता. लोरिस पुढे येईतो फिओरेन्झो त्यात शिरलाही. एक, दोन, तीन. मागून ओत्तीलिया ओरडेल म्हणून तो वाट बघत होता. ओरडली असती तर हट्टाने दोनशे केले असते. पण ती गप्प. साठाला त्याला धाप लागली, त्याने वळून पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तो बाजूला झाला. "हो तू पुढे."

चव्वेचाळीस वर्षांत ती कधी पुढे गेली नव्हती. रीतीप्रमाणे त्याने शेवटी जायचं, पण तो तिच्या मागेच घुसला आणि अडखळला. तिच्या ठशांत त्याची पावलं बसेनात.

"अगं, केवढीशी पावलं टाकतेस."

"माझी एवढीच आहेत. इतकी वर्षं तुझ्या पावलांत पाय टाकायला ढांगा मारत आले. कंबर गेली माझी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू मोजत होतास ना. तुझं गणित चुकलं असतं."

त्याने पावलं आखडती घेतली. ओत्तीलिया मोठ्याने मोजत चालली होती. एकशे अठ्ठ्याऐंशी, एकशे एकोणनव्वद, एकशे नव्वद. जरा थांबली, दम घेतला.

"एकशे वीस," ती म्हणाली.

लोरिस फिसकन हसला. फिओरेन्झोने मागे वळून त्याला डोळ्यांनीच दटावलं, आणि बारीक पावलं टाकत तो तिच्यामागून चालू लागला.