अंगठा : नाही

मी देवास सोडलं त्या सकाळी माझ्या वडिलांनी, आबांनी, माझी वळकटी स्वतः छकड्यात ठेवली आणि तिच्यात तिळाच्या तेलाची बाटली खोचली. "दरबारी चाकरीची असामी एकच आहे बापू, आणि ती थोरल्याची. तुझ्या हाताला गुण आहे. हात कुठंही खपतो," एवढंच म्हणाले. छकडा पागेच्या वळणावर आला तेव्हा थोरला, म्हणजे माझा दादा, दरबारची काळी घोडी फिरवत होता. मला पाहून त्यानं उजवा हात उंच केला. मी बैलाच्या शेपटीकडे बघत बसलो.

गोदे, सुंदरे, हे तुम्हां दोघींना लिहितोय. दादा, तुमचे वडील, गेले, आता सांगायला हरकत नाही. गोदी देवासलाच राहिली, सुंदरी लग्न होऊन बडोद्याला गेली, तेव्हा घर सोडणं काय असतं ते एकीला कळेल आणि दुसरी हसेल. देवासहून धार, तीन मुक्कामांचा रस्ता, त्याला परमुलूख कोण म्हणेल? आपले पूर्वज साताऱ्याकडून घोड्यावर बसून माळव्यात आले, माझ्या हाती तेलाची बाटली. पण हेवा करायला फार लांब जावं लागत नाही. आपल्या देवासात एका गावात दोन गाद्या, थोरली पाती नि धाकटी पाती. एकीचा हत्ती सजला की दुसरीच्या पोटात दुखतं. मी तेच पाणी पिऊन वाढलो. दादाच्या घोडीचा, पगडीचा, दसऱ्याच्या दरबारात त्याला मुजऱ्याला मिळणाऱ्या जागेचा मी मनापासून हेवा केला आणि तो धारला बरोबर नेला.

मालिश मी तालमीत शिकलो होतो. धारच्या दवाखान्यात मालिशवाला म्हणून लागलो, तिथं ती निम्मी विसरावी लागली. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांनी माझं मनगट धरलं. "हा पैलवान नाही, याचं डोकं फुटलंय. रगडू नकोस, आधी बघ." बघणं म्हणजे काय ते मग हळूहळू कळलं. रोग्याला डोळे मिटायला सांगून कोणतं बोट धरलंय ते विचारायचं, टाचणी टोचलेली कळते का पाहायचं, जीभ सरळ बाहेर येते की एका बाजूला जाते ते बघायचं, माझी बोटं दोन्ही हातांनी दाबायला लावायची. आणि जे दिसेल तेच वहीत लिहायचं, मनातलं नाही. मांडूच्या पडक्या इमारतींची डागडुजी चालली होती, तिथल्या परांचीवरून पडलेला नानूराम गवंडी हा माझा पहिला रोगी. उजवं अंग लुळं आणि तोंडात एकच शब्द उरलेला, 'चुनो'. भाकरीला चुनो, बायकोलाही चुनो. ती रोज विचारायची, "भिया, यो चलेगो के नी?" चालला. दोन आडव्या बांबूंमधून, जमिनीवर ओढलेल्या खडूच्या रेघा ओलांडत, पावसाळा संपता संपता चालला. मला वाटलं, आबा असते तर दाखवलं असतं. पण आबा त्याआधीच गेले होते.

तिसऱ्या वर्षी चैत्रात निरोप आला. काळ्या घोडीनं दादाला पाडलं, डोकं हौदाच्या कठड्यावर आपटलं. मी रजा घेऊन देवासला आलो. दादा ओसरीत बाजेवर, उजवा हात आणि पाय मेल्यासारखे. मला पाहून तो म्हणाला, "बापू." आईला हुंदका आवरेना. मग त्याला तहान लागली, तेव्हाही तो म्हणाला, "बापू." माशी बसली, बापू. वहिनी आली, बापू. घोडी आठवून रडायचा तेव्हाही बापूच. आई म्हणाली, "बघ रे, सगळं विसरला, तुला नाही विसरला." नानूरामचा चुनो मला ठाऊक होता. एखादाच शब्द का अडकून राहतो हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. त्यात माया असेलच असं नाही.

खरं सांगू? तेव्हाही हेवाच वाटला. आबांच्या तेराव्यानंतर पहिल्यांदाच घरी आलो होतो. गल्लीतली सगळी माणसं बाजेपाशी, आई उशाला, वहिनी पायथ्याशी. बापू जेवलास का, एवढंही कुणी विचारलं नाही, आणि दिवसभर घरात माझंच नाव घुमत होतं.

दरबारातून कारभारी येऊन गेले. दादाची जागा दसऱ्यापर्यंत राखली होती. दसऱ्याला जो स्वतः उभा राहून उजव्या हातानं मुजरा करील, असामी त्याची. दादाला जमलं नाही तर धाकट्या भावाची. गोदी तेव्हा रांगत होती, सुंदरी पोटात होती. जागा गेली की घर माझ्याकडे हात पसरून बसणार, हे न सांगता सगळ्यांना समजलं. वहिनी म्हणाली, "भावोजी, तुम्ही आलात, आता मला काळजी नाही." काळजी करायला हवी होती.

मी काम सुरू केलं. तालमीतले वस्ताद रोज येऊन लुळा हात रगडत होते, तो आणखी ताठरत होता. ते थांबवलं. कोमट तेलानं हलका हात फिरवायचा, एकेक सांधा वाकवून सोडायचा, आधी बसवायचं, मग बाजेच्या कडेला पाय सोडून टेकवायचे, मग भिंत धरून उभं करायचं. रोज वहीत लिहायचो. पाय : थोडा. जीभ : उजवीकडे. अंगठा : नाही.

श्रावणातल्या एका सकाळी तेल चोळताना माझ्या तळव्यात दादाचा अंगठा हलला. नक्की हलला. मी चादर ओढली आणि वहीत लिहिलं, 'अंगठा : नाही.' दुसऱ्या दिवशीही तेच लिहिलं. मग आठ दिवस मी हाताला तेल लावलंच नाही, पायावरच काम केलं. वहिनी विचारायची, मी म्हणायचो, "हाताची आशा कमी." तिनं देवीच्या टेकडीवर नवस बोलला. मी तिच्यासोबत पायऱ्या चढलो, हात जोडले, आणि काय मागितलं ते लिहवत नाही.

नवव्या दिवशी दुपारी आई नि वहिनी नदीवर गेल्या होत्या. दादा डोळे मिटून पडलेला. मी खुंटीवरची त्याची पगडी काढली, डोक्याला घातली आणि मधल्या खोलीत, ओसरीचं दार उघडंच ठेवून, मुजरा करून पाहिला. वाकून हात जमिनीकडे, मग कपाळाशी. पुन्हा एकदा. पुन्हा. मागून आवाज आला, "बापू, बापू!" वळलो. दादा डाव्या कोपरावर उठून बसला होता. मी मेलो असं वाटलं. पण तो रागावला नव्हता. अर्ध्या तोंडानं हसत होता. मान हलवून सांगत होता, असं नाही. लहानपणी त्यानंच मला घोड्यावर बसवलं होतं, लगाम धरायला शिकवलं होतं, तशीच मान. आणि बरोबर कसं ते दाखवायला त्यानं उजवा हात उचलायला घेतला. अंगठा हलला, दोन बोटं हलली, पंजा चादरीवरून वीतभर वर आला आणि पडला. माझा मुजरा नीट व्हावा म्हणून!

मी पगडी खुंटीला लावली आणि त्याच्या पायाशी बसून रडलो. त्याला कळेना. "बापू?" म्हणाला. मग वही काढली आणि लिहिलं, 'अंगठा : आहे.' मागची पानं खोडली नाहीत, अजून माझ्याजवळ आहेत.

पुढे दसऱ्यापर्यंत मी त्याला सुखानं बसू दिलं नाही. माझे आठ दिवस परत मिळवायचे होते. पोहऱ्याची दोरी ओढायला लावली, जोंधळे चिमटीनं उचलायला लावले, अंगणात खडूच्या रेघा ओढून चालवलं. शब्दही येऊ लागले. पहिला नवा शब्द 'पाणी'. घर आनंदलं. मला मात्र माझं काहीतरी कमी झाल्यासारखं वाटलं. मग घोडीला घोडी मिळाली, वहिनीला तिचं 'अगं' मिळालं, आणि माझ्या नावाचं एवढं मोठं संस्थान रोज थोडं थोडं खालसा होत गेलं.

दसऱ्याला तो डाव्या हातात काठी घेऊन उभा राहिला. उजवा हात कपाळाशी पोचला नाही, छातीपर्यंतच गेला. कारभाऱ्यांनी वर गादीकडे पाहिलं आणि मान डोलावली, असामी दादाकडेच राहिली. मी खांबाआड होतो, आणि तेव्हाही, पोरींनो, पोटात जळलंच. घरी आईनं त्याची दृष्ट काढली. दृष्ट लावणारा मी, तिच्या बाजूलाच पाण्याचा तांब्या धरून उभा होतो.

दोन दिवसांनी धारला निघालो. छकडा दारात होता. दादा उंबऱ्याशी काठी टेकून उभा. "बापू," म्हणाला. सहा महिन्यांच्या सवयीनं वहिनी धावत आत गेली आणि फुलपात्र भरून घेऊन आली.

गोदे, तू लिहितेस, "काका, आता घरी या, इथं माझं कोण आहे असं म्हणू नका." घर कुठं आहे ते मला ठाऊक आहे. वहिनीनं पाणी पुढं केलं तेव्हा दादानं ते उजव्या हातानं, अंगठ्यासकट, बाजूला सारलं, आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "पाणी नको. बापू."