सीटमागची टाकी

जनार्दन गाडीतून उतरला, तो सरळ उभा राहीना. एक हात मडगार्डवर, दुसरा कपाळावर. त्याच्या सदऱ्याला पेट्रोलचा असा भपकारा येत होता की मी आधी माझी विडी पायाखाली चिरडली अन् मग त्याला धरलं.

"काय झालं बे?"

"काई नाई मिस्त्री. डोकं गरगरून राह्यलं. बसतो जरासा."

पलीकडच्या दारातून अण्णासाहेब उतरले. रिठदचे बागायतदार, संत्र्याची मोठी बाग. ही पिकअप त्यांची अन् जनार्दन त्यांचा ड्रायव्हर. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "टाकी पुन्हा पाझरून राह्यली. साबन लाव अन् सोड लवकर. मंडईत जायचं हाय."

"साबन लावत नाई," मी म्हणालो.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. अकोल्याच्या एका वर्कशॉपमध्ये काम शिकून मी वाशीमला स्टेशनच्या रस्त्यावर पत्र्याचं शेड ठोकलं होतं, त्यालाच गॅरेज म्हणायचं. माझा स्वभाव तापट. गिऱ्हाइकाशी गोड बोलावं असं बायको रोज सांगायची अन् मी रोज विसरायचो.

टाकीचं आधी सांगतो. आताच्या गाड्यांची टाकी खाली, चासीला म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला टांगलेली असते. त्या जुन्या अमेरिकन पिकअपची टाकी कॅबिनच्या आत होती, सीटच्या मागे उभी. ड्रायव्हर पाठ टेकतो ती गादी, गादीमागे पत्रा, पत्र्यामागे पेट्रोल. गाडी नवी असताना यात काही वाईट नव्हतं. टाकी घट्ट होती अन् खालून दगड लागायची भीती नव्हती. पण ही गाडी दुसऱ्या महायुद्धानंतर लिलावात निघालेली, कितीतरी मालकांच्या हातून फिरून आलेली. टाकीचा तळ गंजून गेला होता. अशा वेळी अंगाचा साबण ओला करून चिरेत दाबतात. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून पाझर थांबतो. रस्त्यात अडकलात तर गॅरेजपर्यंत पोचायला हे ठीक आहे. इथे साबणावर साबणाचे थर चढले होते अन् लोक त्यालाच दुरुस्ती समजत होते.

मी कॅबिनचं दार उघडलं. समोर मारुतीचा फोटो अन् फोटोपुढे अगरबत्ती, पेटलेली. मागे टाकी ठिबकत होती. मी अगरबत्ती काढली अन् मातीत खुपसली.

अण्णासाहेब भडकले. "मारुतीची अगरबत्ती हाय ते. तुमचा धरम वेगळा झाला म्हनून आमची इझवतं काय?"

आमच्या घरानं छप्पनला धम्म घेतला. मी तेव्हा शाळेत होतो. असली वाक्यं तेव्हापासून ऐकत आलो, पण कान काही सरावले नाहीत. मला झोंबलं ते.

"अण्णासाहेब, माह्या घरी बुद्धाच्या फोटोपुढं रोज अगरबत्ती लागते. मले तिचं वावडं नाई. तुमी एक सोडून दोन लावा. मारुतीले राहू द्या आतमंदी, टाकी मी बाहेर काढतो."

"बाहेर कुठं?"

"मागं, माल भरायच्या डाल्याखाली."

"म्हनजे कोनीबी नळी टाकन अन् पेट्रोल ओढन. आता कसं, कॅबिनले कुलूप लावलं की पेट्रोलले कुलूप लागलं. अन् कोनी कायले, हाच ओढन." त्यांनी जनार्दनकडे बोट केलं.

याच कारणानं ते प्रत्येक फेरीला गाडीत बसायचे. त्यांचं डोकं दुखत नव्हतं, कारण ते दाराला टेकून, काच पूर्ण खाली करून बसायचे. जनार्दनच्या बाजूची काच वरच अडकलेली होती. तो किन्हीराजा गावचा. घरी बायको अन् दोन पोरी. कितीतरी वर्षं अण्णासाहेबांकडे राबत होता, अन् चारचौघांत मालकानं त्याला चोर म्हटलं तरी त्यानं मान वर केली नाही. मला त्याचाही राग आला.

"टाकी पाहू त द्या," म्हणून मी सीट काढली, पेट्रोल डब्यात उतरवलं, टाकी बाहेर ओढली. तळाला अंगठा दाबला तर पत्रा आत गेला.

"पाहा. पापडावानी झाली."

"तू साबन लाव. नाई लावत त जशीच्या तशी बसवून दे. वाशीमात तूच एकटा मिस्त्री नाईस."

ते खरं होतं. पलीकडच्या गल्लीत कोणीही साबण लावून दिला असता. मग जनार्दन तीच टाकी पाठीशी घेऊन परत गेला असता अन् एखाद्या सकाळी ती अगरबत्ती आपलं काम करून गेली असती. मी टाकी दोन-तीनदा पाण्यानं धुतली अन् तोंडापर्यंत पाणी भरलं. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट असते. आत वाफ उरते अन् एका ठिणगीला ती उडते. अण्णासाहेबांना वाटलं मी चीर शोधतोय. मी छन्नी लावली अन् हातोडा घातला. एकदा, मग बाजूला पुन्हा एकदा. पाणी सगळं शेडभर झालं.

"हे काय केलं बे तू? माही टाकी फोडली?"

"फोडली. आता ते कोनीच बसवत नाई."

समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं उठून आली. अण्णासाहेब त्यांच्यासमोर ओरडले, "पोलिसात देतो तुले."

"द्या. टाकी मी आनतो, मजुरी घेत नाई. माही टाकी बसवल्यावर टाकीपायी गाडी बंद पडली त गॅरेजले कुलूप लावतो. ऐका रे सगळे."

ते एसटीनं रिठदला गेले. जनार्दन तिथेच राहिला. मला वाटलं, आता हा दोन चांगले शब्द बोलेल.

"तुमचं काय जाते मिस्त्री? माही नौकरी गेली ना."

"जीव त राह्यला."

"त्या जिवाले पोट हाय."

मी त्याला जॅक आणायला लावला.

अकोल्याच्या भंगार बाजारातून एका मोडीत निघालेल्या मोटारीची चांगली टाकी आणली. मागच्या ॲक्सलच्या पाठीमागे, चासीच्या दोन लोखंडी आडव्यांच्या मधोमध ती बसवली. लोखंडी पट्ट्यांनी आवळली अन् पट्टीखाली जुन्या टायरचं रबर घातलं, म्हणजे लोखंड लोखंडाला घासत नाही. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या उलट बाजूनं नेली. भरायचं तोंड डाल्याच्या बगलेतून बाहेर काढलं. आधी टाकी उंचावर, इंजिनच्या जवळ होती. आता इंजिनवरच्या पंपाला खालून अन् लांबून ओढायचं होतं, म्हणून पंपातला पडदा नवा टाकला. शेवटी झाकण. टाकीतून जेवढं पेट्रोल जातं तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. मी झाकण तोंडाला लावून फुंकून पाहिलं. हवा जात होती.

मालेगावच्या रस्त्यानं आम्ही चक्कर मारली. जनार्दननं नाकानं हवा ओढून पाहिली. मग म्हणाला, "वास नाई आज." एवढंच. अण्णासाहेब आले, वाकून खाली पाहिलं अन् जनार्दनलाच चालवायला बसवून गाडी घेऊन गेले. त्यांना संत्री हलवायची होती. भांडण करायला तोड संपल्यावर वेळ होता.

काही दिवस गेले. भर दुपारी एक सायकलवाला शेडपुढे उतरला. "रिठदच्या रस्त्यावर पिकअप बंद पडली. अण्णासाहेबांनी बोलावलं. येताना गॅरेजचं कुलूप घेऊन ये म्हनले."

टपरीवरचे हसले. मी हत्यारांची पिशवी सायकलला अडकवली अन् निघालो. ऊन डोक्यावर, अन् मनात एकच, की कुठे चुकलो असेन तर या माणसापुढे मान खाली घालावी लागेल, अन् जनार्दनच्या पाठीशी पुन्हा कुठलीतरी टाकी येईल.

गाडी संत्र्यांनी भरलेली, उन्हात उभी. अण्णासाहेब बाभळीखाली बसून पाहत होते. जनार्दन बॉनेटमध्ये डोकं घालून होता.

"थोडी चालते, मंग बंद होते," तो म्हणाला. "जरा थांबलं की चालू होते. पुन्हा बंद."

मी मागे गेलो. माझं झाकण नव्हतं. त्या जागी जाड लोखंडी झाकण, खाली रबराची चकती, वर कडी अन् कडीत कुलूप. गावच्या लोहाराकडून खास करून घेतलेलं. मी खाली वाकलो. टाकीची बगल आत ओढली गेली होती.

"किल्ली?"

"घरी हाय, तिजोरीत," अण्णासाहेब म्हणाले. "कायले?"

मी त्यांना हाताला धरून आणलं अन् टाकी दाखवली. "बाटली तोंडाले लावून ओढली की जीभ चिकटते ना? तसं झालं. पेट्रोल बाहेर जाऊन राह्यलं, हवा आत येऊन नाई राह्यली. पंप ओढून ओढून थकते. टाकी माही हाय अण्णासाहेब, कुलूप तुमचं हाय."

किल्लीची वाट पाहायला मला वेळ नव्हता. छन्नीनं कडी तोडली. झाकण सैल होताच फुस्स करून लांब आवाज आला, हवा आत गेली. जनार्दननं स्टार्टर मारला अन् इंजिन पहिल्या झटक्यात लागलं.

मी जनार्दनवरच चिडलो. "तुले कुलूप दिसलं नाई काय?"

"दिसलं."

"मंग काहून नाई बोलला?"

"बोललो असतो त म्हनले असते, कुलूप लावलं त याच्याच पोटात दुखून राह्यलं."

अण्णासाहेब ऐकत होते. घसा खाकरून म्हणाले, "बरं. मिस्त्री, त्या झाकनाले भोक पाड. कडी पुन्हा लाव. किल्ली आता जनार्दनजवळच राहीन."

त्यांना वाटलं, मोठी गोष्ट दिली. जनार्दननं बॉनेट लावलं, फडक्याला हात पुसले.

"किल्ली नको मालक. कुलूपच नको. कुलूप लागलं त मी आत्ता उतरतो अन् पायी किन्हीराजाले जातो. संत्री तुमी न्या."

त्याला सलग एवढं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. आवाज चढलेला नव्हता. अण्णासाहेबांनी संत्र्यांकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला गाडी चालवता येते हे त्यांना ठाऊक होतं. मी सायकल उचलून वाशीमकडे वळवली.

ते कॅबिनमध्ये जाऊन बसले. "चाल," म्हणाले.

माझं जुनं झाकण जनार्दननं सीटखाली जपून ठेवलं होतं, ते त्यानं बसवलं. कुलपाचं झाकण बाभळीखालीच राहिलं.

ती गाडी पुढे बरीच वर्षं चालली. पेट्रोल चोरीला गेलं का, मला माहीत नाही अन् मी विचारलंही नाही. जनार्दनचं डोकं मात्र पुन्हा दुखलं नाही. अण्णासाहेब माझ्या शेडमध्ये परत कधी आले नाहीत. गाडी घेऊन जनार्दन एकटाच यायचा.

आता जुन्या गाड्या हौसेनं नीट करणारी मंडळी मला विचारतात, आतली टाकी बाहेर कशी न्यावी. मी सांगतो, पट्टीखाली रबर घाला, नळी सायलेन्सरपासून लांब न्या, झाकणाचं भोक पाहा. अन् सगळ्यात आधी, जुनी टाकी पाण्यानं भरून फोडून टाका. ती शाबूत राहिली की कोणीतरी ती परत बसवतोच.