लाईट जायची वाट पाहणाऱ्या मॅडम

"गेली का? बरं झालं!"

सेनगावात लाईट गेली की प्रत्येक घरातून काही ना काही ऐकू येतं. कुणी वायरमनचा उद्धार करतं, कुणी मिक्सरमधल्या अर्धवट चटणीकडं पाहून कपाळाला हात लावतं. आमच्या पुढच्या खोलीतून मात्र एवढंच ऐकू यायचं, आणि त्यापाठोपाठ टाळी. तुमच्याही गल्लीत तऱ्हेतऱ्हेची माणसं असतील, पण लाईट गेल्यावर टाळी वाजवणारं माणूस तुम्ही पाहिलं नसेल. ते आमच्याकडं भाड्यानं राहत होतं.

"शिकून शिकून डोकं फिरलं असंल," आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, म्हणायचे. "उद्या डीपी जळाली तर पेढे वाटंल ही बाई."

मॅडम मूळच्या शिरड शहापूरकडच्या. बरीच वर्षं पुण्यात नोकरी केलेली. अंगानं किरकोळ, डाव्या हाताच्या बोटांवर नेहमी भाजल्याचे बारीक डाग. फोनवर इंग्रजी बोलायला लागल्या की दारात उभं राहायची मला भीती वाटायची. फोन ठेवला की लगेच म्हणायच्या, "मावशी, भाकर झाली का वो? लय भूक लागून राहिली." जणू खोलीत दोन बायका राहत होत्या आणि त्यातली एक आमच्याकडची होती.

मी फार बोलणारी नाही. चहाचा कप ठेवायचा, रिकामा कप उचलायचा, एवढाच माझा त्या खोलीशी संबंध. पण एकदा धीर करून विचारलं, "तुमी नेमकं काय काम करता?"

त्यांनी चिमट्यात धरून एक काळा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. करंगळीच्या नखाएवढा. बाजूनं मुंगीच्या पायांसारख्या तारा.

"याच्या पोटात मी लिहिते."

"काय लिहिता?"

"मशीननं कधी काय करायचं ते. मशीनला आपलं आपलं काहीच कळत न्हाई, मावशी. पंखा कधी लावायचा, कधी बंद करायचा, सगळं सांगावं लागतं."

मी चौथीपर्यंत शिकले. पाटीवर चार ओळी लिहिल्या की पाटी भरायची. आणि ही बाई नखाएवढ्या जागेत लिहीत होती. तो तुकडा तळहातावर असताना मी श्वाससुद्धा जपून घेतला.

सेनगावात काहून आलात, असं सगळेच विचारायचे. त्याचं उत्तर त्या हसून द्यायच्या. "पुण्याची लाईट लय सरळ. तिथं खराब लाईट पाहिजे असंल तर ती तयार करायची वेगळी मशीन आणा, तीबी महागाची. इथं घरबसल्या मिळते."

थट्टा वाटायची, पण थट्टा नव्हती. आपलं काम पारखायला त्यांना सगळंच वाईटात वाईट लागायचं. गल्लीत फिरून जुने मोबाईल मागायच्या. नवीन दिला तर परत करायच्या. शेजारच्या सुमनबाईचा मोबाईल काच फुटलेला, मागून रबर लावलेला. तो पाहून मॅडमचे डोळे चमकले. त्यांचा एकच प्रोग्राम त्या बनवत असलेल्या पेटीवर, कॉम्प्युटरवर आणि तऱ्हेतऱ्हेच्या मोबाईलवर चालायला पाहिजे होता. मला समजावं म्हणून म्हणाल्या, "पीठ एकच, मावशी. पण तवा कुणाचा लोखंडी, कुणाचा मातीचा, कुणाचा वाकडा. पोळी सगळ्यांवर फुगली पाहिजे." सुमनबाईच्या मोबाईलवर ती फुगली. त्या दिवसापासून सुमनबाई गल्लीत सांगत सुटली, "मॅडमचा प्रोग्राम माझ्या मोबाईलनं पास केला."

दुपारी कॉलेजच्या दोन पोरी शिकायला यायच्या. एखादी आनंदानं सांगायची, "मॅडम, चाललं!" मॅडम मान वर न करता म्हणायच्या, "चालतं ते सांगू नको. कधी चालत न्हाई ते सांग." पोरगी हिरमुसून पुन्हा बसायची. मला आधी तिची दया यायची. पुढं पुढं चुलीपाशी मीच पुटपुटायला लागले, कधी चालत न्हाई ते सांग.

त्यांची पेटी म्हणजे अंडी उबवायची पेटी. जाड थर्माकोलची, आत बल्ब आणि पंखा, आणि अंड्यांचा ट्रे जो ठरल्या वेळी एकदा इकडं, एकदा तिकडं कलायचा. वर काचेच्या लहान पट्टीवर कितवा दिवस ते दिसायचं. बायकांना घरच्या घरी गावरान पिल्लं काढता यावीत म्हणून त्या ती बनवत होत्या. ती बनवण्याआधी माझी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती, तिच्यासमोर त्या दुपारच्या दुपार बसून राहिल्या. कोंबडी चोचीनं अंडी फिरवते, आणि पिल्लं निघायच्या आधीचे दोन-तीन दिवस फिरवायचं बंद करून गप बसते.

ते पाहून मॅडम हळूच म्हणाल्या, "हिच्या डोक्यात हा प्रोग्राम कुणी लिहिला असंल वो?"

कोंबडी मी जन्मापासून पाहिली होती. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

पहिल्या पेटीत माझीच अंडी ठेवायची ठरली. मी घाबरत होते. बटणाजवळ बोट न्यायचं आणि मागं घ्यायचं. मॅडम शेजारी बसून माझ्या बोटाकडं पाहायच्या. "मला तुमच्यासारखंच माणूस पाहिजे होतं. काही बिघडलं तर चूक माझी, तुमची न्हाई." असं माझ्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. आमच्या घरात काचेचं काही फुटलं की आधी माझं नाव निघतं.

थंडीचे दिवस. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला सगळीकडं मोटारी सुरू, आणि लाईट डोळा मारावा तशी ये-जा करत होती. पिल्लं निघायला थोडेच दिवस उरले असताना मॅडमना दोन दिवस गावी जावं लागलं. मी पेटीला हात लावला नाही. एकदा फक्त फडक्यानं वरून धूळ पुसली.

मॅडम परत आल्या, पट्टीवर पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. पट्टीवर दिवस पहिला दिसत होता. पेटी सगळं विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती. गप बसायच्या दिवसांत ती अंडी फिरवत बसली होती.

चार-पाच पिल्लं निघाली. बाकीची अंडी तशीच राहिली.

गल्लीला कारण लगेच सापडलं. "पुसता पुसता बटण दाबलं असंल," सुमनबाई म्हणाली. मालक म्हणाले, "हिला काहून दिलं ते? हिला घरचा टीव्ही लावता येत न्हाई." मलाही तसंच वाटत होतं. त्या फडक्याकडं पाहवत नव्हतं.

मॅडम ओट्यावर आल्या. मोठ्यानं बोलायची त्यांना सवय नव्हती, पण तेव्हा गल्लीला ऐकू जाईल असं बोलल्या. "पुसल्यानं जी पेटी विसरते ती पेटीच खराब. मावशीचं नाव कुणी घेऊ नका. चूक माझी हाये आणि मी ती काढून दाखवते."

"आणि न्हाई सापडली तर?" मालकांनी विचारलं.

"तर एकबी पेटी कुणाला देणार न्हाई. गाशा गुंडाळीन."

गावोगावच्या बायका पेट्यांची वाट पाहत होत्या. मॅडम मात्र रिकामी पेटी समोर घेऊन बसल्या. फडक्यानं पट्टी पुसून पाहिली, ओल्या हातानं दाबून पाहिली, माझ्यासारखं बोट अडखळत नेऊन पाहिलं. काही झालं नाही. मग लाईट घालवणारी आणि आणणारी एक वेगळी मशीन त्यांनी बनवली. ती दिवसभर टकटक करत पेटीची लाईट बंद-चालू करायची. पेटी दर वेळी शहाण्या लेकरासारखी उठायची आणि बरोबर दिवस दाखवायची. त्यांचं जेवण कमी झालं. लाईट गेली तरी टाळी ऐकू येईना. मला वाटायचं, सांगून टाकावं, मॅडम, माझ्याच हातून झालं असंल, सोडा. माझं नाव राहू द्या, तुमची पेटी तरी जाईल लोकांकडं. एकदा तेवढं बोललेही.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुमी केलं हे तुमाला दिसलं का?"

"न्हाई."

"मग काहून कबूल होता?"

मी रिकामा कप उचलला आणि चुलीपाशी आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टकटक मशीन बंद केली. "हिचा ताल ठरलेला. सेनगावच्या लाईटला ताल हाये का? मावशी, इथं बसा. हे पेटीच्या लाईटचं बटण. मनाला येईल तेव्हा बंद करा, मनाला येईल तेव्हा चालू करा."

मी शेजारी बसून तूर निवडू लागले. खडा दिसला की खडा काढायचा, मध्येच बटण खाली, मध्येच वर. कधी पटापट, कधी विसरूनच जायचं. पोरी आपापल्या कामात. दुपार कलली. मी बटण वर केलं आणि सवयीनं पट्टीकडं पाहिलं.

पहिला दिवस.

माझ्या हातातलं सूप निसटलं. तूर खोलीभर झाली. "मॅडम, माझ्यानं मोडली!" मी रडायलाच लागले. आणि मॅडम तुरीवरून घसरत आल्या, माझे दोन्ही हात धरले आणि हसायला लागल्या. "सापडलं, मावशी! सापडलं! तुमी मोडली न्हाई, तुमी पकडून दिली!" पोरी टाळ्या वाजवत होत्या. सुमनबाई धावत आली, तिला वाटलं लाईट गेली.

मग त्यांनी मला सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. मशीन अधूनमधून आपल्या पोटात लिहून ठेवते, आज कितवा दिवस. लिहायला डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याहूनही थोडा वेळ लागतो. नेमक्या तेवढ्यात लाईट गेली तर अक्षर अर्धं राहतं. परत आल्यावर मशीनला आपलंच लिहिलेलं वाचता येत नाही, म्हणून ती घाबरून पहिल्यापासून सुरू करते. एवढ्याशा फटीत माझी अंडी गेली होती. आणि एवढीशी फट शोधायला ही बाई उपाशी बसली होती.

उपाय ऐकून मी थक्क झाले. "आता ती दोन ठिकाणी लिहील," मॅडम म्हणाल्या. "आधी एका जागी. ते नीट झालं का पाहील, मगच दुसऱ्या जागी. एक लिहिता लिहिता लाईट गेली तर दुसरं शाबूत राहतं."

त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते बटण खालीवर करावं लागलं. मालकसुद्धा चहा पीत करायचे. "ह्या वयात नोकरी लागली बुवा," म्हणायचे. एकदा बटण धरूनच, माझ्याकडं न पाहता म्हणाले, "म्हणजे तुझ्यानं झालं नव्हतं."

"न्हाई," मी म्हणाले. इतकंच, पण मोठ्यानं.

दुसऱ्यांदा अंडी ठेवली. या वेळी बटणावरचं माझं बोट मागं आलं नाही. लाईट हजारदा गेली असेल. दर वेळी पुढच्या खोलीतून टाळी. एका सकाळी पेटीतून चिवचिव आली. झाकणाच्या काचेतून पाहिलं तर एक पिल्लू कवच फोडून ओलं पडलेलं, आणि शेजारची अंडी एकामागून एक हलत होती. मॅडम गुडघ्यावर बसल्या होत्या. देवापुढं बसावं तशा. त्यांनी स्वतः लिहिलेलं, स्वतः जोडलेलं, आणि तरी आश्चर्य त्यांनाच सगळ्यांत जास्त.

पेट्या गावोगाव गेल्या. पोरींपैकी एक आता औंढ्याला त्या दुरुस्त करते. मॅडम मात्र गेल्या. लांब, डोंगरातल्या कुठल्याशा गावात, दवाखान्यात औषधं थंड ठेवायच्या पेटीचं काम आहे म्हणाल्या. "तिकडची लाईट इथल्यापेक्षाबी वाईट हाये, मावशी," हे सांगताना त्यांचा चेहरा लग्न ठरलेल्या पोरीसारखा दिसत होता. पहिली पेटी त्यांनी माझ्याकडंच ठेवली.

काल दिवेलागणीला लाईट गेली. गल्लीतून नेहमीचा आरडाओरडा. मी पुढच्या खोलीत जाऊन पेटीवर हात ठेवून उभी राहिले. आत नवी अंडी होती, झाकण कोमट होतं. "गेली का?" मी म्हणाले. "बरं झालं." थोड्या वेळानं "आली, आली!" म्हणून पोरं ओरडली. सगळे वर बल्बकडं पाहत असतील. मी पट्टीकडं पाहत होते. ती क्षणभर कोरी राहिली, जसं कुणी दोन ठिकाणी उघडून वाचतंय. मग आकडा उमटला. आदल्या दिवशी होता त्याच्या पुढचाच.