फोनांचा डबा

बंगळुरात यशवंतपूरच्या बाजारात कांद्याच्या एका वखारीवर आमच्या मंडळाची खोली आहे. आम्ही स्वतःला हॅकर म्हणवतो, पण बँका लुटत नाही. सरकार किंवा एखादी कंपनी लोकांचे चेहरे, अंगठे, फोन नंबर गोळा करायला लागली की आम्ही हरकती घेतो, अर्ज करतो, अडलेल्यांना मदत करतो. आई पुण्याहून विचारते, "पगार किती देतात?" काही देत नाहीत. मी तिथे जायला लागले ते एचएसआर लेआउटमधल्या माझ्या फ्लॅटमध्ये शनिवार संपता संपत नसे म्हणून.

मंडळाची रीत ठरलेली. खरं नाव कुणी सांगायचं नाही आणि कुणी विचारायचं नाही, प्रत्येकाने एक टोपणनाव घ्यायचं. फोटो काढायचे नाहीत. बैठकीआधी सगळे फोन एका स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावायचं, म्हणजे कुणाचा फोन चोरून ऐकत असला तरी त्याला काही कळू नये. हा डबा काकांनी घरून आणला होता. त्यांनी टोपणनाव घेतलं होतं पाना, मी दोडका. पण मी त्यांना काकाच म्हणायचे.

काका बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. लेथवर बोटं इतकी झिजली होती की पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेले तर अंगठ्याचं यंत्र त्यांना ओळखेना. "मी जित्ता हाय हे त्या डबड्याला पटंना," म्हणत ते आमच्याकडे आले, आणि दाखला मिळाल्यावरही येत राहिले. मराठी त्यांचं निपाणीकडचं. परतताना मेट्रोत सिल्क बोर्ड स्टेशनपर्यंत आमची सोबत असे. "काय गं अक्का, जेवलीस काय? स्वल्प अंगाला लागू दे की," असं दर वेळी म्हणायचे. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. समोर बसून कुणाशी मराठी बोलणं आठवड्यात तेवढंच. बाकी दिवस ऑफिसात हिंदी, आणि घरात बोलायला कुणी नाही.

एका शनिवारी ते आले नाहीत. पुढच्याही नाहीत. फोन बंद. जुने संदेश चाळावेत, तर आमचे संदेश आठवड्यात आपोआप पुसले जातात. ती सोय त्यांच्या फोनमध्ये मीच लावून दिली होती, लांबलचक पासवर्डसकट, आणि त्यांनी तो पासवर्ड अभिमानाने पाठही केला होता.

मंडळातला एकजण म्हणाला, फुटलेल्या माहितीचा एक साठा नेटवर फिरतोय, त्यात नंबर टाकला तर नाव-पत्ता लगेच निघेल. पण त्याच साठ्याविरुद्ध आमची तक्रार चालू होती. "काकांनाच हे चाललं नसतं," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मला असा संताप आला! तत्त्वं जपायला अख्खं मंडळ, माणूस शोधायला मी एकटी.

मग मी बोम्मसंद्र्याला गेले. कारखान्यांच्या फाटकाफाटकावर चौकशी केली. वॉचमन आधी नाव विचारायचा, "हेसरु एनु?" मग फोटो मागायचा. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. उंच आहेत, मिशा पांढऱ्या, लेथवर होते, मराठी बोलतात, एवढंच मला सांगता येई. एकाने वर विचारलं, तुमचे कोण लागतात? मी पुढच्या फाटकाकडे निघाले. येताना मेट्रोत रडू आलं, ते मी आवरलं नाही. ओळखीचं कोण बघणार होतं तिथे!

पुढच्या शनिवारी डब्यावर कांद्याची धूळ बसली होती, म्हणून मी तो घासायला घेतला. पालथा घातला तर तळाला ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं नाव होतं, एका बाईचं, आणि खाली गाव. काखेत कळसा नि गावाला वळसा! आम्ही सगळे आपापली नावं लपवून त्या डब्यात फोन ठेवत होतो, आणि डबा उलटा करून कुणी पाहिलाच नव्हता.

त्या गावाच्या दूध सोसायटीचा नंबर नेटवर मिळाला. ते नाव काकांच्या बायकोचं निघालं. पलीकडच्या माणसाने मी कोण, कुठली, काही न विचारता काकांच्या मुलीचा नंबर देऊन टाकला. एरवी मी त्याला यावर व्याख्यान दिलं असतं.

मुलगी म्हणाली, बाबा गेले. बोम्मसंद्र्याच्या खोलीत, झोपेतच.

"त्यांचा फोन कुणालाच उघडंना हो. तिथल्या कुणाला कळवावं म्हटलं तर कसं कळवणार? आम्हाला वाटलं, बंगळुरात त्यांचं कुणीच नव्हतं."

मी म्हणाले, दर शनिवारी आम्ही मेट्रोने बरोबर यायचो. तिने विचारलं, "तुम्ही दोडका काय?"

"हो."

"फोनवर सांगायचे, आज दोडक्यासंगं आलो, दोडका लई बारीक झालाय. आम्ही हसायचो. एकटं राहून काहीबाही बोलायलेत म्हणायचो." मग म्हणाली, "खरं नाव काय तुमचं? बाबांनी कधी सांगितलंच नाही बघा."

"त्यांना माहीत नव्हतं," मी म्हणाले. मग मी तिला सगळं नाव सांगितलं, माझं, वडिलांचं, आडनाव, सावकाश, ती ते काकांना जाऊन सांगणार असल्यासारखं.