सुनीताला जेवणाचं भेव वाटतं

मैत्रिणींनो, जेवणाऐवजी शेक पिऊन वजन कमी करायचा प्लॅन मी आज सुरू करणार होते. मावसबहीण सुनीता दोन महिन्यांपासून तोच करते, म्हणून तिला विचारायला दुपारी अनसिंगला गेले.

दार उघडून ती चौकट धरूनच उभी राहिली.

"बरं नाही का तुले?"

"चक्कर येऊन राह्यली थोडी. शेकवाली मॅडम म्हनते, चरबी जाते तवा असंच होते. डाक्टरले सांगू नको म्हने."

आत जाऊन मी तिच्यापुढे भाकरी ठेवली. तिनं ताट दूर सरकवलं. "मले आता जेवनाचं भेव वाटते."

मी डॉक्टरकडे चल म्हटलं, तर मला बाहेर काढून तिनं आतून कडी लावली. आता फोन उचलत नाही. बायको बारीक झाली म्हणून तिचा नवरा खूश आहे.

माझा प्लॅन मी रद्द केला. पण तिच्यासाठी कोणाला सांगू?